अक्षरांची सवत

धानोऱ्याचे देवाजी आत्राम गोंडी लिपीची अक्षरं मोबाइलवर आणायला वर्षानुवर्षं झटत होते. त्यांची बायको जंगूबाई त्या अक्षरांवर सवतीसारखी जळायची. जेवतानासुद्धा ते ताटातल्या वरणात बोटानं अक्षरं गिरवत.

"माझ्याकडं कधी एवढं निरखून बघितलंत का?" एकदा तिनं विचारलं.

"थांब, ही वेलांटी जागेवर बसू दे," ते मान वर न करता म्हणाले.

अखेर अक्षरं मोबाइलवर आली. जंगूबाई शेजारच्या मास्तरणीकडून गुपचूप लिपी शिकली होती. देवाजींना गोंडीतला पहिला संदेश तिनंच पाठवला.

देवाजी हरखून ओरडले, "जंगू, जोडाक्षर बघ गं, किती नीट उमटलंय!"

घरातून उत्तर आलं नाही. मग त्यांनी तो संदेश पहिल्यांदाच वाचला.

"मी माहेरी चालले."