कापडातलं गाणं

आम्हा आदिवासींच्या वस्तीत घरोघरी जाऊन तान्ही मुलं तपासणारी ताई आमच्यातलीच, म्हणून सासूबाईंनी तिला बिनधास्त झापलं. “आपल्या बोलीतलं माझं गाणं ऐकल्याशिवाय नातीचा डोळा लागत नाही, आणि म्हणे तिला ऐकू येत नाही!” माझीही सारी भिस्त त्या गाण्यावरच होती. ताई म्हणाली, “मावशी, छातीशी बांधलेलं कापड सोडा, तिला चटईवर ठेवा आणि मागे बसून गा.” खाली ठेवताच लेक रडू लागली. सासूबाई गायल्या, मग जोरात गायल्या, शेवटी आवाज फाटला. लेकीने मान वळवली नाही. “घ्या तिला उचलून आता,” ताई हळूच म्हणाली. “कानाच्या डॉक्टरांकडे मी सोबत येईन.” पुन्हा कापडात बांधून सासूबाई गाऊ लागल्या, तशी लेक निवली. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. गाणं तिथेही थरथरत होतं. लेकीला आजवर तेवढंच पोचत होतं.