धुतलेली चादर

बाबांच्या वृद्धाश्रमात कुत्र्याला बंदी, म्हणून त्यांचा ठोंब्या माझ्याकडे असतो. पण माझे तीन जिने बाबांना चढवत नाहीत. मग महिन्यातून एकदा आम्ही तिघं शहराबाहेर, कुत्री चालतात अशा कॅम्पवर तंबू ठोकतो. तिथे ठोंब्याच्या शेपटीला आणि बाबांच्या तोंडाला दिवसभर उसंत नसते. निघताना बाबा ठोंब्याची महिनाभर वापरलेली चादर मागून नेतात. या खेपेला मी शहाणपणा केला. म्हाताऱ्या माणसाला खाज सुटायला नको, म्हणून ती धुऊन, इस्त्री करून आणली. बाबांनी घडी नाकाशी धरली. "छान धुतलीस गं," एवढंच म्हणाले आणि ती ठोंब्याखाली अंथरली. सकाळी मी तंबू गुंडाळला. "बाबा, उरका! अकराला जागा सोडायचीय." झाडाखाली बाबा ठोंब्याला चादरीवर या कुशीवरून त्या कुशीवर लोळवत होते. "थांब गं जरा. अजून पुरेशी मळली नाही."