डावीकडचा सूर

"दुखलं तर डावा हात वर करा," जावईबापू म्हणाले आणि त्यांनी कार्ट्रिजचा स्क्रू अर्धा फेरा पिळला.

सवय. ते दातांचे डॉक्टर होते. रेकॉर्ड प्लेअरवर त्यांनी दवाखान्यातला दिवा रोखला होता, डोळ्यांवर भिंग चढवलं होतं आणि सुईखाली दाढा बघायचा आरसा सरकवला होता. शेजारच्या खुर्चीत सासरेबुवा जबडा आवळून बसले होते. उपचार प्लेअरवर चालले होते, कळा त्यांना येत होत्या.

"मी सांगितलं होतं हात लावायला?"

"बाबा, शेवटच्या तुकड्याला किती खरखर होते! सुई खाचेत तिरकी बसतेय." जावईबापूंनी ठिपके आणि रेघा आखलेला कागद फिरत्या ताटलीवर अंथरला. "सुई धरणारं हे कार्ट्रिज या दोन्ही ठिपक्यांवर रेघांना समांतर यायला हवं. तुमचं एकावर सरळ, दुसऱ्यावर वाकडं. म्हणून सुरुवात बरी आणि आतल्या घेरात गेलं की बोंब."

"ते मी बसवलंय. एकतीस वर्षांपूर्वी. या हातांनी."

"दिसतंय ना," जावईबापू म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरनं भरलेली दाढ बघतानाही ते याच सुरात बोलत. "आणि तारा उलट्या होत्या. डावीच्या जागी उजवी. म्हणजे इतकी वर्षं डावीकडचं उजवीकडून ऐकू येत होतं. मी सरळ केल्या."

या वाक्याचा अर्थ सासरेबुवांना लगेच लागला नाही. लागला असता तर त्यांनी प्लेअर खिडकीतून खाली टाकला असता आणि गोष्ट इथंच आटोपली असती.

जावईबापूंनी रेकॉर्ड लावली. सासरेबुवांनी आयुष्यात वाजवलेली एकुलती एक. दोन भाऊ, दोन व्हायोलिनं. थोरला, म्हणजे ते स्वतः, डावीकडे; धाकटा उजवीकडे. कुणाचा गोंधळ नको म्हणून कव्हरवर तसं छापलंही होतं. शेवटच्या तुकड्यात एक सूर घसरतो. रेकॉर्ड घरी आली त्या दिवशी तो घसरलेला सूर उजव्या स्पीकरमधून आला आणि त्या दिवसापासून सासरेबुवांनी धाकट्याशी बोलणं टाकलं. पोरीच्या लग्नाला बोलावलं नाही, आजारपणात विचारलं नाही. एकच सूर इतका लांबवलेला वादक दुसरा झाला नसेल.

सुई आतल्या घेरात पोचली. खरखर नव्हती. खोलीच्या या कोपऱ्यात एक आणि त्या कोपऱ्यात एक, असे दोघं भाऊ अगदी उभे राहिले. मग सूर घसरला.

डावीकडून.

"बदल त्या तारा!" सासरेबुवा उठलेच. जावयाला त्यांनी पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. "आत्ताच्या आत्ता बदल!"

"बदलतो की. पण सूर तुमचाच राहील, फक्त तुम्ही उजवीकडे बसाल. कव्हरही नवीन छापावं लागेल."

"दाढा उपटणाऱ्यानं मला सूर शिकवायचे?"

"शक्यतो उपटत नाही मी, बाबा. वाचवायचा प्रयत्न असतो."

लेक चादरीच्या घड्या घालत दारात येऊन उभी होती. "तेवढंच परत लावा हो," ती नवऱ्याला म्हणाली.

परत सूर घसरला. आणि त्याच्या मागोमाग, डावीकडूनच, आजवर खरखरीत बुडालेला एक बारीक आवाज आला.

"च्च."

लेक तो आवाज जन्मापासून ऐकत होती. गणितातल्या मार्कांना, उतू गेलेल्या दुधाला, 'मुलगा दातांचा डॉक्टर आहे' या वाक्याला. आधीच घडी झालेल्या चादरीची तिनं आणखी एक घडी घातली.

"हे धाकट्याचं आहे," सासरेबुवा म्हणाले.

कुणीच हो म्हणेना.

"च्च," सासरेबुवा म्हणाले.

आणि मग ते खरे भडकले. आधीचा राग म्हणजे नुसता रियाज होता. "मग हा माणूस बोलला का नाही? एकतीस वर्षं! तोंडात काय गुळणी धरून बसला होता? लाव फोन त्याला!"

लेकीनं नंबर न शोधता लावला. ते सासरेबुवांच्या नजरेतून सुटलं नाही, पण तो राग त्यांनी नंतरसाठी बाजूला ठेवला.

"हॅलो?" पलीकडून धाकटा म्हणाला.

"गाढवा! चूक माझी होती! माझी! तुला तोंड दिलं नव्हतं देवानं? एक शब्द बोलला नाहीस!"

"दादा?"

"मग! तुला गाढव दुसरं कोण म्हणणार?"

"तसे बरेच म्हणतात," धाकटा म्हणाला. "पण दादा, तू म्हणालास मी चुकलो, म्हणजे चुकलोच असेन ना. माझ्याकडे कुठे प्लेअर होता ऐकून बघायला? तेव्हापासून रोज सकाळी तेवढीच ओळ घोटतोय. आता कुठे जमायला लागलीय."

सासरेबुवांनी पुढची शिवी ओठांपर्यंत आणून ठेवली होती. ती तिथंच अडकली.

"ऐकवू? पण फोन ठेवू नकोस हं."

पलीकडे व्हायोलिनच्या पेटीची एक कडी उघडल्याचा आवाज आला. मग दुसरी.