सामानापाशी कुणीतरी

“सामानापाशी कुणीतरी बसा, माकडं आहेत!” म्हणत सगळे धरणातल्या बोटींकडे पळाले.

कुणीतरी म्हणजे शैलाकाकू. दर सहलीला काठावर त्याच बसायच्या, जाणाऱ्या बोटींना हात करायच्या. आपल्यालाही बोटीत बसायचंय, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

आज नवी सून केतकी परत आली. “आई, तुम्ही जा. मी बसते.”

काकू लगबगीनं निघाल्या. अर्ध्या वाटेवर वळून बघतात तर पिशव्यांच्या ढिगात बसलेली केतकी हसून हात करत होती. अगदी त्यांच्यासारखी.

काकू तरातरा माघारी आल्या. “ऊठ. तो डबा घे, सतरंजी मी घेते.”

दोघींची पायडलबोट सामानानं कलली. शेजारच्या बोटीतून मुलगा ओरडला, “आई, भूक लागली!”

“मग पकड आम्हाला!” म्हणत काकूंनी जोरात पायडल मारलं.