ठिणगी उडायला नको

जिन्यातल्या फलकावरचं पत्रक त्याने टराटरा फाडलं आणि खिशात कोंबलं. बनावट गॅस तपासनीसांपासून सावध राहा, ओळखपत्र मागा, कंपनीला फोन करा, खात्री होईपर्यंत दार उघडू नका, असं त्यात लिहिलं होतं. खाली त्याचंच वर्णन होतं, गालावरच्या व्रणासकट.

तो व्रण मागच्या खेपेचा. सापडला तेव्हा लोकांनी लाथाबुक्क्यांनी तुडवून त्याचे पुढचे दात पाडले होते. आता पुन्हा हाती लागला, तर जिवंत सोडणार नव्हते. त्या नुसत्या आठवणीनेही त्याला घाम फुटायचा. पण दुसरा धंदा शिकलाय कोण?

वरच्या मजल्यावर बेल वाजवली. दार उघडणाऱ्या बाईच्या हातात भांडी घासायचे रबरी मोजे होते.

"गॅस तपासणी, वहिनी."

"या ना भाऊ. वाटच बघत होते. जरा हळू बोला हं, आत मामंजी झोपलेत."

ना ओळखपत्र, ना फोन. गरीब गाय आहे बिचारी, असं म्हणत तो मनातल्या मनात हसला.

स्वयंपाकघरात त्याने नळीला नाक लावलं आणि चेहरा पाडला. "गळतोय की! परवा पलीकडच्या गल्लीत अशीच एक बाई जळाली. कपड्यांबरोबर कातडी सोलून निघाली. रेग्युलेटर आत्ताच्या आत्ता बदलायला हवा."

"अगं बाई! मग बदला की. पण त्याचा खटका अडकतो हो." तिने ओट्याखालून लोखंडी बत्ता काढला. त्याच्या टोकाला जाड फडकं गच्च बांधलेलं होतं. "ह्याने ठोका. ठिणगी उडायला नको, म्हणून गुंडाळलंय."

"हुशार आहात, वहिनी!"

त्याने बत्ता मुठीत आवळून दोन ठोके दिले. खटका सुटला.

"द्या, ठेवून येते," म्हणत ती बत्ता घेऊन आतल्या खोलीत गेली. तेवढ्यात त्याने पिशवीतला रेग्युलेटर बसवून टाकला. तोही जुनाच, वरून रंग फासलेला.

ती बाहेर आली, ती थेट दाराकडे गेली. कडी लावली. मग चौकट दोन्ही हातांनी धरून तिने स्वतःचं कपाळ तिच्यावर दाणकन आपटलं. पुन्हा आपटलं. रक्ताचा ओघळ नाकावरून हनुवटीपर्यंत आला.

"वहिनी! अहो, हे काय करताय?"

"पत्रकात तुमचं वर्णन वाचलं ना भाऊ, तेव्हापासून वाट बघत होते," ती हळूच म्हणाली. मग बेंबीच्या देठापासून किंचाळली, "धावा! मारलं हो, मेल्याने मारलं!"

जिन्यात धाडधाड पावलं वाजली. दारावर लाथा बसू लागल्या. "फोडा दार! ठेचा त्याला!" मागून कुठे उडी मारता येईल का, म्हणून तो आतल्या खोलीत घुसला.

खाटेवर मामंजी होते. डोक्याचा चेंदामेंदा झालेला, उशीवरचं रक्त कधीचंच सुकून काळं पडलेलं. शेजारी तो बत्ता होता, फडकं सोडलेला.