नवं डोकं

थर्मुथीनं सम्राटाच्या पुतळ्याचे पाय कवटाळले होते. पुतळ्याला बिलगलेल्या गुलामाला हात लावायचा नाही असा कायदा, म्हणून धनी निकानोर डाग द्यायची सळई घेऊन नुसताच दातओठ खात होता. तेवढ्यात पाथरवटांची गाडी आली. जुना सम्राट रोममध्ये मारला गेला होता. पुतळ्याचं धड तेच ठेवून त्यावर नव्या सम्राटाचं डोकं बसवायचं होतं. दोर ताणला, मुंडकं धाडकन खाली आलं. "आता कुणाचे पाय धरतेस गं?" निकानोर खिदळला. तिनं पहाऱ्यावरच्या शिपायाकडे पाहिलं. "डोक्याविना हा नुसता धोंडा, बये," तो खालमानेनं म्हणाला. निकानोरनं तिचे केस धरले. हिसडा मारून ती गाडीवर चढली. पेंढ्यातलं नवं डोकं तिनं छातीशी धरलं. शिपायाचा भाला निकानोरसमोर आडवा आला. "हात मागे, मालक!" "मायबाप," ती दगडी कानात पुटपुटली. नव्या सम्राटाचं नावही तिला ठाऊक नव्हतं.