मिठाचा आकडा

लाट फुटली की तिचे तुषार हवेत चढतात आणि माझी लेक त्यातलं मीठ यंत्राने मोजते. एवढं शिकवलं ते मीठ मोजायला, असं मी चारचौघांत म्हणते. मनात मात्र मिरवते.

त्या दुपारी मी किनाऱ्यावरच्या तिच्या खोलीत गेले. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निपचित होता. यंत्राची नळी खिडकीत लावलेली होती.

"आई, नळीसमोर बोलू नकोस गं."

"का? माझ्या बोलण्यात मीठ आहे?" म्हणत मी मुद्दाम नळीच्या तोंडाशीच तिला चार शब्द सुनावले. मिठाचा आकडा ढिम्म हलला नाही.

"बघ, तुझी आई अळणी निघाली!"

ती नळीवर वाकून हसली. वादळात चढावा तसा आकडा चढला. ती बाजूला झाली, उतरला. पुन्हा वाकली, चढला. तिचं हसू मावळलं.

"यंत्र बिघडलंय मेलं," मी म्हणाले आणि ती लहानपणी खोकली की लावायचे, तसा तिच्या छातीला कान लावला.

आत लाटा फुटत होत्या. त्यांच्या पलीकडून माझ्या लेकीचा आवाज "आई, आई" अशा हाका मारत होता.

मी वर पाहिलं. माझ्याकडे बघणारीचं तोंड मिटलेलं होतं.